कमांडची वही

मुद्रितशोधकाच्या लाल पेनाचा मोठा गुण म्हणजे त्याला लपता येत नसे. वेलांटी बदलली की समासात खूण, शब्द गाळला की त्यावर रेघ. लेखकाला पटलं नाही तर तो त्याच खुणेवर काट मारून शेजारी ‘राहू द्या’ लिहायचा. पुस्तक छापून आल्यावरही प्रुफांचा गठ्ठा माळ्यावर पडून असे, आणि ‘हा शब्द कोणी बदलला?’ असं कुणी विचारलंच तर कागद काढून समोर ठेवता येई. टेक्स्ट एडिटरमध्ये मी एक ओळ टाइप करते, एंटर दाबते, आणि चारशे पानांच्या पुस्तकात शेकडो ठिकाणी एक शब्द बदलतो. किती जागी बदल झाला तो आकडा पडद्याच्या तळाशी क्षणभर दिसतो, पुढच्या कमांडीबरोबर तोही जातो. फाइल मात्र अशी दिसते, जणू ती पहिल्यापासून तशीच होती.

म्हणून मी दिलेल्या कमांडींची वही ठेवते.

माझं काम जुन्या मराठी पुस्तकांच्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं. नव्वदच्या दशकापासून पुण्या-मुंबईत डीटीपीवर जुळलेली असंख्य पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा तेव्हाच्या फॉन्टांत आहेत. या फाइलींत खरं म्हणजे मराठी अक्षरं नसतातच, अक्षरांच्या आकारांचे क्रमांक असतात. फॉन्ट काढून घेऊन अशी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं यांची खिचडी दिसते. कुठला क्रमांक म्हणजे अर्धा ‘स’ आणि कुठला म्हणजे रफार, हे प्रत्येक फॉन्टचं वेगळं. त्यातून मराठी वर काढायची तर शोधा-आणि-बदला हेच मुख्य हत्यार, आणि ते मी विम या एडिटरमध्ये चालवते. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत त्याची देखभाल केली.

पण विममधली बदलाची कमांड विमहून बरीच जुनी आहे. एक अक्षर, मग तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ: ही रचना केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘एड’ या एडिटरमध्येही अशीच होती. तेव्हा समोर पडदा नसे, टेलिटाइप असे. तुम्ही टाइप केलेली प्रत्येक कमांड आणि यंत्राने दिलेलं प्रत्येक उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटत जाई. दिवसाचं काम संपलं की काय काय केलं याचा कागद हातात असे. त्यासाठी कुणाला वेगळे कष्ट पडत नसत. १९७६च्या सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी आधी ‘एक्स’ नावाचा एडिटर आणि त्यातूनच पडदाभर मजकूर दाखवणारा ‘व्हीआय’ घडवला. काम कितीतरी सोपं झालं, कारण मजकूर डोळ्यांसमोर बदलताना दिसू लागला. त्याच सोयीपायी कागद गेला. आपण काय केलं हे दिसेनासं झालं आणि काय झालं एवढंच उरलं. विम हा याच व्हीआयचा वंशज, आणि माझी वही म्हणजे त्या हरवलेल्या गुंडाळीची भरपाई.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘‘ताई, विमला सगळं आठवत असतंच की. मग हाताने कशाला लिहायचं?’’ प्रश्न रास्त होता. कोलन देऊन दिलेल्या कमांडींची यादी विम ठेवतो. क्यू आणि कोलन ही जोडी दाबली की ती खाली एका खिडकीत उघडते, तिच्यातली ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवताही येते. कुठलीच मांडणी केली नसेल तर आजच्या विममध्ये ही यादी दोनशे ओळींची असते, आकडा हवा तेवढा वाढवता येतो. विम बंद करताना यादी एका लपलेल्या फाइलीत जाते आणि दुसऱ्या दिवशी परत मिळते. त्याहून बारीक नोंद हवी असेल तर विम सुरू करतानाच तशी सूचना देता येते; मग दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलीत उतरते आणि ती फाइल नंतर जशीच्या तशी वाजवताही येते. इमॅक्स वापरणाऱ्यांना कंट्रोल-एच आणि मग एल दाबून शेवटच्या तीनशेएक कळा पाहता येतात. पाच मिनिटांपूर्वी आपण काय दाबलं म्हणून हा परिच्छेद गायब झाला, हे शोधायला ही सोय फार कामाची.

पण पुस्तकाच्या कामाला ही यंत्राची आठवण पुरत नाही. एखादा बदल जमेपर्यंत मी तीच कमांड थोड्या थोड्या फरकाने चार-पाच वेळा देते आणि मधले प्रयत्न यू ही कळ दाबून मागे घेते. यादीत हे सगळे प्रयत्न एकाखाली एक दिसतात; यू मात्र कोलनची कमांड नव्हे, त्यामुळे तिचा पत्ता नसतो. कुठला बदल टिकला आणि कुठला मागे घेतला, हे यादी पाहून कळत नाही. दुसरी गोष्ट याहून घोळाची. आधी दिलेलीच कमांड पुन्हा दिली की विम यादीतली जुनी ओळ काढून टाकतो आणि नवी शेवटी ठेवतो. यादी आटोपशीर राहावी म्हणून केलेली ही सोय. पण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दिलेली कमांड त्यामुळे फक्त संध्याकाळचीच दिसते. क्रम मोडतो, आणि माझ्या कामात क्रम मोडला की सगळंच मोडलं.

‘स्थिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी ‘स्थ’ या जोडाक्षराच्या नंतर साठवली जाते, कारण उच्चारात ती नंतर येते. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशीच, म्हणजे जोडाक्षराच्या आधी असते. तेव्हा वेलांटी उचलून जोडाक्षर ओलांडून पलीकडे ठेवायची. पण जोडाक्षर कुठे संपतं हे कमांडीला कळण्यासाठी अर्ध्या अक्षरांचं रूपांतर आधी झालेलं असावं लागतं. नाहीतर अर्धा ‘स’ हा कुठलासा अनोळखी क्रमांक असतो आणि वेलांटी त्याच्यापाशीच अडते. रफाराचा प्रवास उलट दिशेने. ‘मूर्ती’मधला रफार जुन्या फाइलीत ‘ती’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘त’च्या आधीचा पाय मोडलेला ‘र’ असतो. म्हणजे त्याने वेलांटी आणि अक्षर दोन्ही ओलांडून मागे जायचं. ‘आर्थिक’मध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकाच अक्षराशी भांडतात, तिथे आधी वेलांटी बसवायची आणि मग रफार हलवायचा. काही फॉन्टांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच आकार असतो; ‘सर्वांनी’साठी तो आकार आधी फोडून घ्यावा लागतो. या कमांडी सुट्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येक बरोबर आहे. क्रम चुकवून चालवल्या तर त्यांतून निघालेलं मराठी कुणाला वाचता यायचं नाही.

त्यामुळे माझी वही तारखेप्रमाणे चालत नाही, क्रमाने चालते. ती पुस्तकाच्या फाइलीशेजारी ठेवलेली एक साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक नोंदीत काय बदलतंय ते मराठीत एका ओळीत. का बदलतंय ते पुढच्या ओळीत. कुठे बदलायचं नाही ते त्याच्याखाली. आणि मग खुद्द कमांड. विमच्या स्क्रिप्टमध्ये दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप, ती यंत्र सोडून देतं. माझ्या मराठी ओळी अशा अवतरणचिन्हाने सुरू होतात, कमांडी तशाच. मूळ फाइल उघडायची, वही ‘सोर्स’ करायची, की वरपासून खालपर्यंत सगळ्या कमांडी त्याच क्रमाने चालतात. शोधलेला शब्द सापडला नाही तर तक्रार करू नको, अशी सूचना प्रत्येक कमांडीच्या शेवटी एका अक्षराने देता येते, म्हणून वाटेत अडथळा येत नाही. हळूहळू वहीचे दोन भाग पडले. एक त्या त्या फॉन्टचा, जो पुस्तकामागून पुस्तकाला तसाच लागतो. दुसरा फक्त त्या पुस्तकाचा. पहिला भाग आता क्वचितच बदलतो. खरा विचार दुसऱ्या भागात होतो.

त्या भागातलं पहिलं प्रकरण न दिसणाऱ्या फरकांचं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: त्यासाठी वेगळा नेमलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, पायमोड आणि न दिसणारं जोडचिन्ह मिळून. छापल्यावर दोन्ही एकसारखे. पण एका प्रकाराने लिहिलेला शब्द शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲ’चंही तेच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही ‘अ’वर चंद्र देऊन तो साधला गेला. दोनांपैकी एक प्रकार ठरवून सगळीकडे तोच करणं ही एका ओळीची कमांड. वाचकाला तिचा परिणाम कधीच दिसणार नाही, आणि म्हणूनच ती वहीत असावी लागते.

दुसरं प्रकरण जुन्या शुद्धलेखनाचं, आणि इथे कमांड देण्यापेक्षा न देण्याला जास्त डोकं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘गांव’ पानोपानी भेटतात. नवी आवृत्ती नव्या लेखनात काढायची असं प्रकाशकाने ठरवलं, की ‘पांच’चा ‘पाच’ करायला कुणाची ना नसते. पण ‘घरांत’? जुन्या लेखनात ‘घरांत दिवा लावला’ यातलं घर एक आहे, तिथे आता ‘घरात’ हवं. ‘गावांतल्या घरांत दिवे लागले’ यातली घरं अनेक आहेत, आणि तिथला अनुस्वार आजही हवा. कमांडीला एकवचन-अनेकवचन कळत नाही. तिला दोन्ही एकच.

विममध्ये अशा वेळी प्रत्येक जागी थांबून विचारण्याची सोय आहे. वाय म्हटलं तर बदल, एन म्हटलं तर पुढे. काम होतं, पण त्या उत्तरांची नोंद कुठेच राहत नाही. कमांड वहीत लिहिता येते, तिला मी कुठे हो म्हटलं आणि कुठे नाही हे लिहिता येत नाही. उद्या वही पुन्हा चालवली तर सगळे प्रश्न पुन्हा विचारले जातील आणि माझी उत्तरं कदाचित वेगळी असतील. म्हणून मी हा रस्ता सोडला. आता आधी ‘घरांत’ असलेल्या सगळ्या ओळी एका वेगळ्या फाइलीत काढते, ती यादी छापते आणि आमच्या मुद्रितशोधकांकडे देते. सगळे त्यांना काका म्हणतात. काका संगणकाला हात लावत नाहीत. ते यादीवर लाल पेनाने खुणा करतात, आणि त्या खुणांप्रमाणे एकेका जागेची कमांड वहीत जाते, आजूबाजूच्या दोन-तीन शब्दांसकट. वही लांबते, पण ती कितीही वेळा चालवली तरी तेच पुस्तक बाहेर येतं. एकदा काकांनी अख्खी वहीच छापून मागितली. कमांडी त्यांनी पाहिल्या नाहीत. मराठी ओळी मात्र एकेक वाचल्या, आणि ‘कवितेत बदलायचं नाही’ या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘म्हणी व पत्रांतही नाही’.

वहीने शिकवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सगळे बदल उलटवता येत नाहीत. जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे माणसाचं नाव आणि ‘नाव’ म्हणजे पाण्यावरची होडी. पहिल्याचा अनुस्वार काढला की दोन्ही एक झाले. उलट कमांड दिली तर होड्यांच्या डोक्यावरही अनुस्वार चढतील. म्हणजे नुसती नवी फाइल आणि वही एवढ्यावर मागे जाता येत नाही. हात न लावलेली मूळ फाइलही जपावी लागते. मूळ फाइल आणि वही या दोन गोष्टी असल्या तर तयार फाइल हरवली तरी बिघडत नाही, ती केव्हाही पुन्हा करता येते. मूळ हरवलं तर वहीला काही अर्थ राहत नाही.

जाणकार विचारतात, दोन फाइलींमधला फरक काढून देणारा ‘डिफ’ सत्तरच्या दशकापासून आहे, मग वहीचा खटाटोप कशाला? डिफ मीही वापरते. पण चारशे पानांच्या पुस्तकात जवळपास प्रत्येक ओळ बदललेली असते, आणि डिफ प्रामाणिकपणे प्रत्येक ओळ दाखवतो. हजारो ओळींत जो बदल विखुरलेला दिसतो, तो मुळात एक निर्णय असतो. वहीत तो एकाच ओळीत असतो, कारणासकट. शिवाय काय बदललं नाही आणि ते मुद्दाम बदललं नाही, हे डिफ कसं सांगणार?

याची गरज कशी पडते ते एका आत्मचरित्राच्या वेळी दिसलं. लेखक हयात नव्हते. त्यांच्या कन्या नव्या आवृत्तीची प्रुफं वाचत होत्या. त्यांचा फोन आला, आवाजात नाराजी होती. ‘‘बाबा ‘आणि’ लिहायचेच नाहीत. कायम ‘नि’. तुम्ही सगळीकडे ‘आणि’ केलंय.’’ मी वही उघडली. ‘नि’बद्दलची नोंद होती, आणि ती न बदलण्याची होती: लेखकाची लकब, हात लावू नये. ‘आणि’ला स्पर्श करणारी एकही कमांड नव्हती. मग मूळ फाइलीत दोन्ही शब्द शोधले. पहिल्या सहा प्रकरणांत ‘नि’ भरपूर होता, सातव्यापासून जवळजवळ नाहीसा झाला होता. छापील पहिली आवृत्ती शेजारी ठेवली, तर तिच्यात शेवटपर्यंत ‘नि’. म्हणजे पुष्कळ वर्षांपूर्वी छापील पुस्तकावरून ही फाइल जुळवली गेली तेव्हाच, बहुधा हात बदलला तिथे, नव्या हाताने सवयीने ‘आणि’ टाइप केलं होतं. वही नसती तर मी बाईंना ‘आम्ही केलं नाही’ एवढंच म्हणू शकले असते, आणि त्यांनी त्यावर विश्वास का ठेवावा? वहीमुळे आमच्या टेबलावर शोधत बसण्याचा वेळ वाचला आणि शोध सरळ एक पायरी मागे नेता आला. उत्तरार्ध आम्ही छापील प्रतीशी ताडून पुन्हा वाचला. तिथे ‘नि’खेरीज इतरही बरंच काही सापडलं.

वहीचा माझ्या हातांवरही परिणाम झाला. कारण लिहावं लागणार हे माहीत असलं की कमांड देण्याआधीच बोट थबकतं. ‘असंच बरं दिसतं’ हे कारण लिहायला लाज वाटते, आणि मग ती कमांड दिलीच जात नाही. स्वल्पविरामांशी खेळणं मी यामुळेच सोडलं. उलट ज्या नोंदी प्रत्येक पुस्तकात हुबेहूब तशाच येत, त्या सामायिक भागात गेल्या आणि डोक्यातून उतरल्या. नव्या मुलाला मी विम शिकवलं असं म्हणवत नाही. तो वही वाचत शिकला. ‘‘ताई, रफाराची कमांड वेलांटीच्या आधी ठेवली तर?’’ असं विचारायचा, मग स्वतःच ओळी खालीवर करून चालवून बघायचा आणि पडद्यावरचं मराठी पाहून हसायचा.

हल्ली मजकूर आपसूक सुधारून देणारी साधनं आली आहेत. पान द्या, शुद्ध करून मिळेल. प्रकाशकांना त्यांचा मोह पडतो, आणि कंटाळवाण्या कामात मलाही त्यांची मदत नकोशी नाही. मी त्यांना एकच प्रश्न विचारते, जो वही मला विचारते: काय बदललंस, कुठल्या नियमाने, आणि काय सोडलंस? या प्रश्नाचं उत्तर ओळीओळीने मिळालं तर ती ओळ काकांपुढे ठेवता येते. मिळालं नाही तर ते सुधारलेलं पान माझ्या दृष्टीने अजून कच्चंच.

त्या आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीत ‘या आवृत्तीविषयी’ असं एक छोटं टिपण आहे. लेखकाच्या कन्येचाच तो आग्रह होता. अनुच्चारित अनुस्वार काढले आहेत. कविता, म्हणी आणि पत्रं मूळ लेखनात ठेवली आहेत. ‘नि’ कायम आहे. सातव्या प्रकरणापासूनचा मजकूर पहिल्या आवृत्तीशी ताडला आहे. वहीच्या दुसऱ्या भागातल्या मराठी ओळी जवळजवळ जशाच्या तशा उचलून हे टिपण झालं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पुस्तकासाठी असं टिपण देतो. काही प्रकाशक ते छापतात, काही जागेअभावी गाळतात. जिथे छापलं जातं तिथे एखादा चिकित्सक वाचक पत्र पाठवून वाद घालतो, पत्रं जुन्या लेखनात आणि निवेदन नव्या, हे कसं चालेल म्हणून. असं पत्र आलं की मला बरं वाटतं. वाचकाला आमच्याशी भांडायचंच असेल, तर कुठल्या कमांडीशी भांडायचं हे निदान त्याला ठाऊक असतं.